वॅटकाका

सुरतेत उधना-लिंबायतकडे मराठी वस्ती दांडगी. त्यातलं कुणी पोर रिमोटच्या विमानांच्या नादी लागलं की त्याला एखादे वॅटकाका भेटतातच. काका हिऱ्याच्या कारखान्यातले, त्यामुळे विमानसुद्धा कॅरेटमध्ये तोलतात. चारशे ग्रॅमचं फोमचं विमान उचलून म्हणणार, "दोन हजार कॅरेट! केवढा ग्लू ओतलास रे?"

मग मोटार. पोरानं हौसेनं २२०० केव्हीची आणलेली असते. आकडा मोठा म्हणजे माल भारी! काका कपाळाला हात लावतात. "अरे, केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाचे फेरे. ११.१ व्होल्टवर ही चोवीस हजारांच्या गोष्टी करणार. तुला शर्यत लावायचीय की विमान नाक वर करून हवेत उभं करायचंय? केव्ही कमी घे, पंखा मोठा लाव." यात मात्र काका चुकत नाहीत. ओढ वजनाच्या दीडपट असली, तर कसरतीचं विमान उभ्याउभ्या वर चढतं.

बॅटरीवर २२०० एमएएच, २५ सी छापलेलं, म्हणजे २.२ गुणिले २५, ५५ अँपिअर. काका म्हणतात, "हा मुलीकडच्यांना सांगितलेला पगार. निम्मा धर."

पुढचा हिशेब लोचोच्या गाडीवर, कागदी रुमालावर. नऊ इंची पंख्याजागी दहाचा लावला की करंट दीडपटीच्या घरात, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारा वीस अँपिअरचा ईएससी जळणार, म्हणून तीसचा, म्हणून बॅटरी मोठी, म्हणून वजन वाढलं, म्हणून मोटार बदला. एवढ्यात रुमालावर शेव सांडते आणि बॅटरी २.२ ची की २२ ची, हे काकांनाही सांगता येत नाही.

त्यांचं स्वतःचं विमान? घरात खिळ्याला टांगलंय. नाकाशी नुसतं भोक. मोटार अजून ठरायचीय. काकू चहा ठेवता ठेवता सांगतात, "मला बघायला आले तेव्हा कप निवायच्या आत होकार दिला होता."

उडवायला शहराबाहेर लांब जावं लागतं, कारण डुमसकडे विमानतळ. शहराबाहेरच्या त्या जागी एकदा एका पोरानं लेबल पुसलेली, कुठल्याशा मोडक्या खेळण्यातली मोटार लावून आणली. केव्ही माहीत नाही, वॅट माहीत नाहीत. विमान वर गेलं, नाक आभाळाकडे करून पंख्यावर लोंबकळत राहिलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

काकांनी पिशवीतून वॅटमीटर काढला. "आधी खाली उतरव ते. किती अँपिअर खातंय बघू दे."