सूचिछिद्राचा रविवार

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ या भारदस्त नावाने वावरणारी वस्तू प्रत्यक्षात काळोख कोंडलेली एक डबी असून, तिला भिंगाच्या जागी सुईच्या टोकाने पाडलेले भोक असते. प्रकाश सरळ रेषेत चालतो एवढ्याच भांडवलावर ती उलटी का होईना, पण प्रतिमा उमटवते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुर भिंतीवर उलटे दिसते तेही याच न्यायाने, फक्त तेथे फिल्म भरण्याची सोय नाही.

भोक आणि फिल्म यांत 50 मिलिमीटर अंतर असेल तर भोक सुमारे 0.3 मिलिमीटरचे लागते. ते मोठे झाल्यास चित्र गढूळ होते आणि फार लहान केल्यास विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद वाटेतून जाताना प्रकाश फाकत असल्यामुळे, पुन्हा गढूळच होते. जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट, खरे तर सारखेच अस्पष्ट दिसावे, हा समभाव मात्र कोणत्याही महागड्या भिंगाला साधत नाही. अपयश आल्यावर अंगण वाकडे म्हणण्याची मुभा या कलेत नाही, कारण वाकडे व्हायला येथे अंगणच नसते.

2001 पासून एप्रिलचा शेवटचा रविवार जागतिक पिनहोल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वाईच्या घाटावर ऊन मुबलक असते, तुटवडा पडतो तो उत्साहाचा. 100 आयएसओच्या फिल्मला उन्हात सेकंद-दोन सेकंद पुरतात, पण पिंपळाच्या सावलीत वीसेक सेकंद लागतात, कारण प्रकाश मंदावला की फिल्मही आळसावते आणि हिशेबाहून जास्त वेळ मागते. शटर म्हणजे चिकटपट्टी, घड्याळ म्हणजे तोंडाने मोजलेले आकडे, आणि नेम केवळ अंदाजाचा; त्यामुळे ढोल्या गणपतीच्या देवळाचे शिखर बहुधा चौकटीबाहेरच राहते. 120 रोलवर बारा चौरस चित्रे मावतात. पण मागच्या तांबड्या खिडकीतला आकडा पाहून रोल पुढे सरकवण्याचे विस्मरण झाले, तर तेच देऊळ पुढच्या चित्रात कृष्णेच्या पात्रावर तरंगू लागते.

या वीस सेकंदांत धुणे आपटणाऱ्या बायका, सूर मारणारी पोरे आणि लगबगीने निघालेले पुजारी विरघळून त्यांचे धुके होते. डबीसमोर हात मागे बांधून, ‘हे चालू कधी करणार?’ असे विचारत उत्तराची वाट पाहणारा गृहस्थ तेवढा नखशिखांत उमटतो.