कार्पेट एरियातला कचरा

कचरा कशात मोजावा, याचा निकाल जगात अजून लागलेला नाही. कुणी किलोत मोजतो, कुणी टनात, कुणी गाडीच्या खेपांत. मुंबई महापालिकेनं २०२५च्या एप्रिलमध्ये हा घोळ एका फटक्यात मिटवला. नव्या स्वच्छता उपविधींचा मसुदा निघाला, त्यात घरातला कचरा चौरस मीटरमध्ये मोजला होता. घर ५० चौरस मीटरपर्यंत असेल तर महिन्याला १०० रुपये, ५० ते ३०० असेल तर ५००, त्यापुढे १,०००. दुकानांना वेगळा दर, तीन तारांकित हॉटेलांना वेगळा. ३१ मेपर्यंत हरकती मागवल्या होत्या.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, मुंबईकराला नाही. ज्या गावात स्थळ सांगताना मुलाचा पगार नंतर आणि कार्पेट एरिया आधी सांगतात, तिथे कचरा तरी दुसऱ्या कशात मोजणार?

आता जरा हिशेब करू. ५० चौरस मीटर म्हणजे ५३८ चौरस फूट. दहिसरला ५४० फुटांत राहणारं, दोन पिढ्या कोंबलेलं कुटुंब या रेषेच्या दोन फूट पलीकडे पडलं, म्हणून त्याला ५००. मलबार हिलला ३,२०० फुटांच्या घरात आजी, आजोबा आणि एक पॉमेरेनियन राहतात, त्यांनाही ५००च. अल्टामाउंट रोडवर सत्तावीस मजल्यांचं एक घर आहे, त्याला हजार. मजल्यामागे ३७ रुपये पडले, म्हणजे दोन वडापाव, आणि चटणी फुकट.

‘लहान घराला कमी, मोठ्याला जास्त, यात चूक काय?’ असं एक अधिकारी चॅनेलवाल्यांना समजावून सांगत असल्याचं मला स्वप्नात दिसलं. चूक काहीच नाही, साहेब. पण घराच्या आकारावर पैसे घेण्याला मालमत्ता कर म्हणतात आणि तो तुम्ही आधीच घेता. ५०० फुटांपर्यंतच्या घरांना तो २०२२ साली माफ झाला, तेव्हा केवढे फलक लागले होते! मसुद्यात त्याच घरांना कचऱ्याचे वर्षाला १,२००. माफी पुढच्या दारानं आली, वसुली मागच्या दारानं. कचऱ्याचा डबा मागच्याच दाराशी असतो, त्यामुळे सोयीचंही पडतं.

मसुदा आला त्या दिवसांत एका सोसायटीच्या सभेला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. पार्किंगवरून जे लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते त्या दिवशी एका बाजूला होते. विषय एकच: आपला फ्लॅट किती लहान आहे. जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘ऐसपैस आहे हो’ म्हणून सांगितलेली घरं तासाभरात आक्रसली. एक काका घरून टेपच घेऊन आले होते.

‘बाल्कनी वजा केली की ५२० भरतो,’ काका म्हणाले.

‘काका, गेल्या वर्षी विकायला काढलात तेव्हा जाहिरातीत साडेसातशे होता,’ खजिनदारांनी आठवण करून दिली.

‘ते बिल्टअप. कचरा काय बिल्टअपमध्ये होतो का?’

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. ‘आम्ही दोघंच राहतो. मुलगा न्यू जर्सीला. दिवसाचा कचरा म्हणजे चहाचा चोथा नि दोन केळ्यांची सालं. तीसुद्धा मी कुंडीत घालते. आमच्याकडून पाचशे कसले घेता?’

सेक्रेटरींनी चष्मा लावून मसुदा वर-खाली केला. ‘आजी, तुम्ही कचरा करता की नाही, हे यात कुठे विचारलेलंच नाही. फक्त घर विचारलंय.’

सगळ्या मसुद्यावरचं इतकं नेमकं भाष्य मला नंतरही कुठे वाचायला मिळालं नाही. आजींनी उद्यापासून सालं कुंडीत न घालता खिडकीतून खाली टाकली, तरी महिन्याचे ५००च राहणार. चार डबे ठेवा, खत करा, प्लास्टिक धुऊन वाळत घाला, ५००. रोज पार्टी करा, थर्माकोलच्या ताटांचा ढीग दाराबाहेर लावा, ५००. पालिकेचं ध्येय शून्य कचऱ्याचं आणि दरपत्रक असं, की शून्य कचरा करणारा त्यात गाढव ठरावा.

शून्याशी मुंबईची ओळख तशी जुनी आहे. २०१७ साली पालिकेनं मोठ्या सोसायट्यांना बजावलं, की २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी जागा असेल किंवा रोजचा कचरा १०० किलोंच्या वर जात असेल, तर २ ऑक्टोबरपासून तुमचा ओला कचरा तुम्हीच जिरवा, आम्ही उचलणार नाही. गांधीजयंतीचा मुहूर्त होता. मग मुदत मागणाऱ्यांना मुदतवाढ मिळाली. ज्यांनी मागितली नाही, त्यांनी खताचं यंत्र आणलं. ही यंत्रं अजूनही पाहायला मिळतात, शक्यतो पंपरूमच्या मागे. आडवा हिरवा पिंप, हाताला गंजलेला दांडा, झाकणावर वाळलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या, कारण उद्घाटनाला नारळ फुटला होता. पहिला महिना भुसा, कल्चरचं पाणी, रोज दांडा फिरवणं, सगळं शिस्तीत झालं. पावसाळ्यात अळ्या झाल्या, पहिल्या मजल्यानं लेखी तक्रार केली. शेवटी खत झालं, तर न्यायला कुणी येईना. आता त्या पिंपावर एक तीनचाकी सायकल आणि निवडणुकीचा एक जुना फ्लेक्स सुखानं नांदतात.

दोष फक्त सोसायटीचा नाही. सकाळी पालिकेची गाडी येते तेव्हा गॅलरीत उभं राहून बघावं. घराघरांतून हिरवा आणि निळा असा वेगवेगळा निघालेला कचरा अनेकदा गाडीच्या पोटात पुन्हा एक होतो. गाडीच्या कडेला मात्र दोन-तीन पोती लटकवलेली असतात. गाडीवरचा कामगार, म्हणजे मोटर लोडर, चालत्या कामात हात घालून बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या उपसतो आणि त्या पोत्यांत भरतो. वर्गीकरण म्हणून जे काही आहे ते बरंचसं हेच, आणि ते चहापाण्याच्या पैशांसाठी चालतं. या कंत्राटी कामगारांपैकी २,७०० जणांना कायम करा, हे सांगायला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं.

पैशाची दुसरी बाजू अजून मजेची आहे. नागरिकाकडून घ्यायचं ते चौरस मीटरवर, पण कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीवर प्रक्रिया करणाऱ्याला द्यायचं ते टनावर. मुंबईचा रोजचा कचरा साडेसहा हजार टनांच्या आसपास. तो उद्या खरंच शून्य झाला, तर सगळ्यात आधी कुणाच्या पोटावर पाय येईल, याचा विचार करून बघा. गाड्यांत डेब्रिज मिसळून वजन वाढवल्याचे आरोप काही वर्षांपूर्वी उगाच झाले नव्हते. दगडविटांनाही टनाचा भाव मिळत असेल, तर केळ्याच्या सालीनं कुंडीत का जावं?

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजून कुणी खजील होऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२० सालापर्यंत कचरा शून्यावर आणायचं ठरवलं होतं. २०२० आलं, कचरा होता तिथेच. पुढच्या वर्षी उघड झालं, की कचरा उचलणाऱ्या कंपनीनं लोकांकडून सुमारे साडेनऊ कोटी डॉलर जास्त घेतले होते. ते परत करावे लागले, आणि २०२२ साली तिथल्या मतदारांनी मतपेटीतून दर ठरवणाऱ्या मंडळाची रचनाच बदलून टाकली. आपले अभ्यासदौरे तिकडे जाऊन येतात. येताना यातलं शून्य तेवढं घेऊन येतात.

दौरा जवळचा हवा असेल तर वेंगुर्ला आहे. तिथल्या नगरपरिषदेनं कचरा इतक्या प्रकारांत वेगळा केला, की जुनं डंपिंग ग्राउंड आता लोक पाहायला जातात. ‘गाव केवढं, मुंबई केवढी’ हे उत्तर तयार असतंच. मग पुणं घ्या. पुण्याचं कौतुक करताना मुंबईकराच्या घशात आवंढा येतो, तरी सांगतो. तिथे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते आणि दरमहाचं शुल्क कचरा नेणारी ताई दारात उभी राहून घेते. ओला-सुका एकत्र दिला तर तीच ताई दारात उभी राहून चार शब्द सुनावते. करार संपत आला की दर आणि मुदतवाढ यांवरून तिथेही दरवेळी रण माजतं. पण निदान पैसे कुणाच्या हातात गेले, हे देणाऱ्याला दिसतं.

मुंबईच्या मसुद्यावर हरकतींचा पाऊस पडला. २०२२च्या मार्चपासून सभागृहात नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा दर सुचवणारा, हरकती मागवणारा आणि त्या ऐकणारा एकच. पुढे निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि विषय बासनात गेला. निवडणुकीपूर्वी कचऱ्याला वास येत नाही.

राहता राहिलं देवनार. १९२७ पासून मुंबई तिथे कचरा ओतत आली आहे. २०१६च्या जानेवारीत हा डोंगर पेटला तेव्हा धूर उपग्रहातून दिसला, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शहरातल्या नव्या बांधकामांवर उच्च न्यायालयाची बंदी आली. २०२५ साली तिथला १८५ लाख टन जुना कचरा हटवायला २,३६८ कोटींची निविदा निघाली. किलोला सव्वा रुपयाच्या वर पडला, म्हणजे जो कचरा टाकताना कुणी किलोवर मोजला नाही, तो उचलताना मात्र चोख मोजला गेला. घाई कशाची, तर या डंपिंगमधली १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं आधीच ठरलं आहे. धारावीतच घर मिळायला जे अपात्र ठरतील, त्यांची घरं अशा जागांवर व्हायची आहेत.

धारावीतल्या तेरा नंबर कंपाउंडमध्ये शहरभरातलं प्लास्टिक येतं. रंगाप्रमाणे निवडतात, धुतात, गच्चीवर वाळवतात, दळतात आणि त्याचे पुन्हा दाणे करतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. देवनारला पाठवायच्यांच्या यादीत यातले किती लागतील, ते पात्रता ठरेल तेव्हा कळेल. त्यांच्या कामापायी देवनारला जायचा किती कचरा वाचला, याचं बिल त्यांनी पालिकेला कधी लावलं नाही, आणि पालिकेच्या कुठल्या दरपत्रकात त्यांच्यासाठी टनाचा भावही नाही. नवी घरं मात्र ५० चौरस मीटरच्या आतच बसतील. मसुदा बासनातून पुन्हा बाहेर आलाच, तर महिन्याला शंभर रुपयांत त्यांचं भागेल.