रिपोर्टांचे भाष्यकार

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय गृहनिर्माण संस्थांत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे निवडणुकीने भरली जातात. चौथे पद मात्र उपविधींत कोठेही नमूद नसताना आपोआप भरले जाते, आणि ते म्हणजे रहिवाशांचे वैद्यकीय रिपोर्ट वाचून त्यांचा अर्थ सांगणाऱ्या गृहस्थांचे. हे गृहस्थ बहुधा बँकेतून किंवा विमा कंपनीतून निवृत्त झालेले असतात, त्यांना सर्वजण नाना म्हणतात, आणि वैद्यकशास्त्राशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध स्वतःच्या अँजिओप्लास्टीपुरता, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करून घेण्यापुरता, आलेला असतो.

नानांची गरज भासते याचे कारण असे की, दवाखान्यात रांगेत ताटकळलेल्या रुग्णाला डॉक्टरांकडून गोळ्या मिळतात, पण रिपोर्टात ठळक छापलेल्या आकड्याचा अर्थ विचारण्याआधीच पुढचा नंबर पुकारला जातो. तो अर्थ संध्याकाळी नानांच्या बैठकीत उलगडतो. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते त्या वेळचा दाब म्हणजे रक्तदाबाचा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैलावते त्या वेळचा दाब म्हणजे खालचा, हे नाना सोसायटीच्या पाण्याच्या पंपावरून समजावतात, आणि ओघात पंपदुरुस्तीचे बिल कोणी फुगवले हेही सांगून टाकतात. एचबीएवनसी ही चाचणी तर त्यांची विशेष आवडती. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आणि ती ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक भरली की मधुमेह मानतात. म्हणून केवळ आदल्या रात्री श्रीखंड टाळून तपासणीस गेलेल्या शेजाऱ्याला ते ६.८ या आकड्यावर बोट ठेवून, "हा पाडव्यापासूनचा हिशेब आहे," असे बजावतात.

नानांच्या व्याख्या बहुतेक वेळा बरोबर असतात, हे मान्य करावे लागते. अ‍ॅक्यूट म्हणजे भयंकर नव्हे, तर अचानक उद्भवलेला. क्रॉनिक म्हणजे असाध्य नव्हे, तर दीर्घकाळ रेंगाळणारा. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे शोधलेली खूण सापडली नाही, तेव्हा रडण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की ही अचूकता स्थळकाळ पाहत नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, तर कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाचे रक्त फेकण्याचे कार्यच थांबते, हा महत्त्वाचा भेद ते समाचाराला गेलेल्या घरी, मृताच्या थोरल्या मुलाचे वाक्य मध्येच तोडून स्पष्ट करतात.

व्याख्या शब्दाचा अर्थ सांगते, तर निदान तो शब्द या रुग्णाला लागू पडतो की नाही हे तपासून ठरवते; नानांच्या बैठकीत ही सीमा चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर पुसली जाते. त्यांची खरी कसोटी मात्र 'इडिओपॅथिक' या संज्ञेपाशी लागते. तपासण्या करूनही ज्या विकाराचे कारण सापडत नाही त्याला वैद्यकशास्त्र हे विशेषण लावते, आणि उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांतही एकच एक कारण दाखवता येत नाही, हे पाठ्यपुस्तके मोकळेपणाने मान्य करतात. नानांना ही कबुली शास्त्राचा आळस वाटते. त्यांच्या मते प्रत्येक आजाराला कारण असतेच, आणि ते फ्रिजचे पाणी, उशिराचे जेवण किंवा समोरच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर यांपैकी एक असते. कारण हाती आल्याने रुग्ण समाधानाने घरी जातो, फ्रिजचे पाणी सोडतो, आणि महिन्याभराने रक्तदाब उतरला की त्याचे श्रेय माठाला मिळते. डॉक्टरांनी दिलेली गोळी या काळात रोज सकाळी चालू होती, ही बाब नानांच्या भाष्यात येत नाही.