टपउघडे

बहरीनच्या सीफमधल्या मराठी मंडळींत एक जात आहे. आम्ही तिला 'टपउघडे' म्हणतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, फ्लॅटचे हप्ते फिटत आलेले. अशा नाजूक वेळी बहरीन सोडून चाललेला कुणीतरी साहेब आपली दोन सीटांची, उघड्या टपाची माझदा यांच्या गळ्यात मारून जातो. ऑगस्टात जिथे बॉनेटवर पापड भाजावा, तिथे बिनछपराची गाडी कशाला, हे वहिनी एकदाच विचारतात. "अगं, नोव्हेंबर ते मार्च आहे की!" यावर त्या पुन्हा काही विचारत नाहीत. तेवीस वर्षांच्या संसाराचा अनुभव.

पंधरा दिवसांत कंपनीचे स्पीकर मनातून उतरतात. टपउघड्यांची कसोटी एकच: भीमसेनांचा अभंग. उभ्या गाडीत तो छान वाजतो. शेख खलिफा बिन सलमान हायवेवर ताशी शंभराला मात्र टाळ तेवढे ऐकू येतात, पखवाज गायब. वारीत टाळकरी पुढे आले आणि पखवाजी लोणंदलाच राहिला, अशी अवस्था.

यामागचं शास्त्र ते भेटेल त्याला सांगतात. मलाही लिफ्टमध्ये सांगितलं, आणि माझा मजला येऊन गेला. बंद गाडीत खर्जाला कोंडून धरायला भिंती असतात. टप उघडलं की पहिला पळतो तो खर्ज. वर वाऱ्याची घरघर नेमकी त्याच पट्टीतली, म्हणजे उरलासुरलाही ती गिळते. मग आवाज वाढवावा? तीन डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात, आणि कानाला फरक कळतो जेमतेम. "आणि खोक्यावरच्या बाराशे वॅटला भुलू नका! तो पीक. पीक म्हणजे स्थळाच्या पत्रिकेतला पगार. आरएमएस म्हणजे हातात पडणारा."

बजेट मध्यम, दीडशे दिनार. या 'मध्यम'ला फार अर्थ आहे. विकत घेताना हिशेब दिनारात होतो, मजुरी देताना रुपयांत. विजेच्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडले जातात: दारांतले साडेसहा इंची स्पीकर, कानाच्या दिशेने वळवलेले ट्विटर, चार चॅनलचा छोटा अँप, सीटखाली मावेल असा चपटा वूफर. कोन कागदाचा नको, प्लास्टिकचा हवा; ऊन आणि दमट हवा मिळून कागद खातात. आणि सगळ्यात आधी दाराच्या पत्र्याला आतून चिकटवायच्या डँपिंग शीट, कारण स्पीकरचं खोकं म्हणजे शेवटी दारच. हे मात्र त्यांचं खरंच शहाणपणाचं. बाकीचे लोक महागडा स्पीकर खडखडणाऱ्या पत्र्यात बसवतात आणि स्पीकरला शिव्या देतात.

मग सलमाबादच्या गॅरेजांची वारी. तिथल्या वायरिंगवाल्या मल्याळी चेट्टनशी मजुरीतल्या दोन दिनारांवरून पाऊण तास घासाघीस झाली. मध्ये दोनदा चहा झाला, तो चेट्टननेच पाजला. "दोन दिनार म्हणजे चारशेच्या वर रुपये हो!" परत येताना त्याच दुकानातून टपउघड्यांनी बारा दिनारांची जाड वायर उचलली, कुरकुर न करता.

परवा त्यांचा फोन आला. "या, ऐकायला या." मला वाटलं, हायवेवर चक्कर असेल, म्हणून टोपी घेतली. त्यांनी गाडी नेली ती सिटी सेंटरच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये. कोपऱ्यातली जागा शोधली, टप बंद केलं, काचा वर, एसी बारीक. वहिनी आत खरेदीला गेल्या होत्या, त्यामुळे वेळ भरपूर होता.

"इथे?" मी विचारलं.

"मग कुठे? वारं नाही, हॉर्न नाही."

अभंग सुरू झाला. तानपुऱ्याचा खर्ज सीटमधून पाठीत शिरला, आणि धुमेवर थाप पडली तेव्हा पखवाजी खरोखर माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखा वाटला. खोटं कशाला बोलू, डोळे मिटले गेले. त्यांचेही.

काचेवर टकटक झाली. बंद गाडीत दोन प्रौढ माणसं डोळे मिटून माना टाकून बसलेली पाहून सिक्युरिटीवाला घाबरला होता. "सब ठीक है, सर?"

टपउघड्यांनी काच चार बोटं खाली केली, त्याच्याकडे न बघता कान टवकारले, आणि माझ्याकडे वळून कळवळून म्हणाले, "बघा! गेला ना पखवाज?"