बावाची गाडी, सिंगल ओनर

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसरीकडचा चिकू घोलवडचा म्हणून खपवायची सोय नाही. जुन्या मोटारसायकलींना असलं मानांकन नाही. त्यामुळे बोर्डीपासून तलासरीपर्यंत जी आरएक्स-१०० विकायला निघते, ती बावाचीच असते. चिकूच्या वाडीवाल्या इराणी बावाने नवी घेतली, रोज फडक्याने पुसली, पावसात कधी बाहेर काढली नाही. एवढ्या गाड्या बावा मंडळींकडे खरंच असत्या, तर वाड्यांत चिकू लावायला जागा उरली नसती.

यामाहाची ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. त्यानंतर बरीच वर्षं ती दुधाचे कॅन आणि मासळीच्या टोपल्या वाहत होती, तेव्हा तिला कोणी विचारत नव्हतं. आता भाव लाखाच्या घरात. इंजिनावर 'मेड इन जपान' दिसलं, तर दलाल आवाज खाली आणतो, देवळात आणावा तसा.

"इंजिनला पाना लागलेला नाय, शेठ." शेजारचा मिस्त्री मात्र कुठला नट किती आट्यांवर अडतो ते डोळे मिटून सांगतो. टाकी ओरिजनल, फक्त रंग नवा. सायलेन्सर ओरिजनल, फक्त दुसऱ्या गाडीचा. मग किक बसते आणि निळा धूर थेट चिकूच्या मोहरावर जातो. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. त्याची राखण करायला प्राधिकरण नेमलं गेलं १९९६ साली, म्हणजे नेमकी आरएक्स बंद झाली त्याच वर्षी. प्राधिकरणाचं एवढं झटपट यश दुसरं आठवत नाही.

खरी गंमत कागदांत. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात, जरा पुढे दमण. त्यामुळे गाडी उभी तलासरीत आणि नंबर जीजे-१५ नाहीतर डीडी-०३. एनओसीला फॉर्म २८, नावावर करायला २९ आणि ३०. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची. गंज इतका, की ३ आहे की ८ ते पेन्सिलच ठरवते. मूळ मालक कुठे आहेत विचारलं तर दलाल आभाळाकडे बोट दाखवतो. फॉर्म २९ वरच्या त्यांच्या सहीची शाई मात्र बोटाला लागते.

एका गिऱ्हाइकाने 'व्हिंटेज' नोंदणीचं विचारलं. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते. आरएक्सची सगळ्यात जुनी गाडीसुद्धा २०३५ पर्यंत नुसतीच जुनी. "मग आत्ताच घेऊन ठेवा," दलाल म्हणाला. गिऱ्हाइकाने मायलेज विचारलं, तेव्हा तो दुखावला. "शेठ, ही काय चालवायला घेताय?"

कायदाही त्याच्याच बाजूने आहे. व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशाच कामांपुरती मुभा. जुनी टू-स्ट्रोक ज्याने वापरली आहे त्याला ठाऊक आहे, पेट्रोल पंप आणि मिस्त्री सोडून ती एरवीही फारशी कुठे जात नाही.