टक्केवाले गुरुजी

तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तरी टक्केवाले गुरुजी असतात. लगेच कंत्राटदार डोळ्यांपुढे आणू नका. हे निवृत्त मास्तर आहेत आणि यांचे टक्के कंपन्या राजरोस जाहीर करतात. आमच्या मोताळ्यात राजूर घाट उतरून आलेली मलकापूरची एसटी स्टँडवर टेकली की टपरीपाशी जे धोतर-टोपीत नसूनही मास्तरच वाटतात, ते हे. लोक नळगंगा धरण किती टक्के भरलं ते विचारतात, गुरुजी कोल इंडियाने किती टक्के लाभांश दिला ते सांगतात.

त्यांचं पासबुक पाहण्यासारखं असतं. लाभांश जमा झाल्याच्या, ‘एसीएच’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक नोंदीखाली लाल शाईची रेघ, समासात बरोबरची खूण. परवा ४८ रुपये जमा झाले. त्या आनंदात टपरीवर सात जणांना चहा पाजला. बिल ७० रुपये.

प्रत्येक कंपनीचा दहा वर्षांचा लाभांश-इतिहास ते वंशावळीसारखा म्हणतात. कोणी कधी वाढवला, कोणी करोनात हात आखडला, सगळं तोंडपाठ. ही सवय मात्र घेण्यासारखी आहे. एका वर्षाचा घसघशीत लाभांश कारखान्याची जमीन विकूनही देता येतो. दहा वर्षं न चुकता द्यायला धंदाच चालावा लागतो.

घोळ होतो तो पुढे. आयुष्यभर पोरांना अपूर्णांक शिकवले, पण छेदात बाजारभाव लिहायचा की दर्शनी किंमत, इथे गुरुजी अडतात. कंपनी टक्के सांगते ते दर्शनी किमतीवर. शेअर दोन हजारांचा, दर्शनी किंमत एक रुपया, लाभांश हजार टक्के. हातात येतात दहा रुपये. बाजारभावावर काढलेला परतावा, म्हणजे यील्ड, अर्धा टक्का. बँकेचं बचत खातं बरं!

वेदांताने २०२२-२३ मध्ये एक रुपया दर्शनी किमतीवर पाच हप्त्यांत १०१ रुपये ५० पैसे दिले. म्हणजे १०,१५० टक्के! गुरुजींनी हा आकडा असा ठणकावला की कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला. पुढच्या वर्षी तोच लाभांश २९ रुपये ५० पैशांवर आला, तो आकडा मात्र टपरीवर कोणी ऐकला नाही.

भाव पडला की त्यांना उलट उधाण येतं. शेअर निम्म्यावर आला की जुन्या लाभांशावर काढलेलं यील्ड दुप्पट दिसतं. भाव का पडला, पुढच्या वर्षी कंपनी देणार का, हे विचारलं की उत्तर ठरलेलं: “पडू दे ना भाऊ, मले कुठी इकाचा हाय!” एक्स-तारखेच्या, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या तारखेच्या, आदल्या दिवशी घाईने शेअर घ्यायचा, पाच रुपये लाभांश मिळवायचा आणि दुसऱ्या दिवशी भाव साधारण तेवढाच उतरला की म्हणायचं, “तो हिशोब येगळा.”

पुण्यात आयटीत असलेला मुलगा त्यांच्या लेखी ग्रोथ स्टॉक. “वाढून रायला, पण देत काहीच नाही.” पुतण्या एसटीत आहे, दर महिन्याला काकांच्या हातावर काहीतरी ठेवतो, तो सरकारी कंपनी.

अमळनेरचा विषय काढला की गुरुजी चिडतात. तिथे १९४५ साली वनस्पती तुपासाठी निघालेल्या कंपनीची पुढे विप्रो झाली आणि शेअर धरून बसलेली साधी माणसं श्रीमंत झाली, तीही लाभांशापेक्षा बोनस शेअर आणि वाढलेल्या भावामुळे. गुरुजींचा निकाल: “बोनस म्हणजे कागद. डिव्हिडंड म्हणजे नगद.”

एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो, हे त्यांनी फार मनावर घेतलं. आता एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांवर लाभांश आला तरच दहा टक्के टीडीएस कापतात. गुरुजी ४८ रुपयांसाठीही ‘कर कापू नका’चा फॉर्म पाठवतात.

तरी एका बाबतीत हा माणूस सोन्याचा. लाभांश सलग सात वर्षं न उचलल्यास पैसे आणि शेअर दोन्ही सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात. अर्ज केला तर परत मिळतात. हा अर्ज गुरुजी गावात कोणालाही फुकट भरून देतात, कागद लावण्यासकट. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत जुनं शेअर सर्टिफिकेट सापडलं, तर खुशाल त्यांच्याकडे जा. फक्त कोणता शेअर घेऊ, हे विचारू नका.