शिव शिव! हवेच्या नळीत पंखा?

ऐकलं का? ज्वारीनंतर आता जानेफळातल्या गाड्याही हायब्रीड व्हायला लागल्या! मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या चहाटपरीशी पाच मिनिटं उभं राहा, काय काय कानी पडतं! सोयरिकीच्या बोलण्यात शेती किती एकर हे मागाहून. "आपल्यापाशी हायब्रीड हाये ना भाऊ" हे आधी. बॉनेट उघडा म्हटलं की नवरदेव लाजतो.

लाजेल नाही तर काय! त्यातलं बरंचसं हायब्रीड म्हणजे मारुतीने २०१५ साली सियाझ-अर्टिगाला जोडलेली पट्ट्यावरची मोटर. ती इंजिन चालू करते, वेग कमी होताना थोडी वीज परत मिळवते, वेग घेताना जरासा हात लावते. एकटीने गाडी ओढायची? छे, तेवढा वकूबच नाही तिचा. तरी सरकारने वीज-हायब्रीड गाड्यांसाठीच्या फेम योजनेतून डिझेलवाल्यांना अनुदान दिलंच, आणि १ एप्रिल २०१७ पासून हात आखडता घेतला.

पुणेकर तरी कुठे मागे? २०१० साली केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जला सोबत घेऊन 'रिव्होलो' जाहीर केलं. जुन्याच गाडीला मोटर-बॅटरी लावा, चाळीस टक्क्यांहून जास्त इंधन वाचवा! केवढा गाजावाजा झाला. कुणाच्या दारातल्या गाडीत ते बसलेलं मी तरी पाहिलं नाही.

पण खरा अनाचार पुढेच आहे. आता ऑनलाइन 'इलेक्ट्रिक टर्बो' मिळतो म्हणे: हवेच्या नळीत बसवायचा चिमुकला पंखा. अहो, दीड लिटरचं इंजिन चार हजार आरपीएमला पूर्ण दाबलं की मिनिटाला जवळपास तीन हजार लिटर हवा ओढतं. त्यावर तीस टक्के जादा दाब चढवायचा तर अडीच-तीन किलोवॅट लागतील. म्हणजे बारा व्होल्टवर दोनशेच्या वर अँपिअर. सेल मारताना क्षणभर लागतो तसला करंट, आणि तोही चढ संपेपर्यंत! बॅटरी माहेरीच जाईल. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू-सेव्हनला खरा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला तो सात किलोवॅटचा, आणि त्याच्यासाठी ४८ व्होल्टचा वेगळा संसार मांडला. इथे बोटभर तारेवरचं हे खेळणं हवा ढकलण्याऐवजी तिच्याच वाटेत आडवं उभं!

एवढं सगळं सांगून झालं, तर टपरीवरचा एक पठ्ठ्या म्हणतो, "पण आवाज तं भारी येते ना!"